क्रिस्टल ज्वेलरी किट: मणी छान, पण हुक, कड्या आणि क्लिपा वेगळ्याच घ्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू टाइमपास म्हणून एखादं ब्रेसलेट करून बघणाऱ्यांसाठी नाहीये. तेवढंच करायचं असेल तर किट मस्त आहे, घ्या, विषय संपला. मी लिहितेय ते बनवून विकणाऱ्यांसाठी, म्हणजे वस्तू आपल्या हातातून जाते आणि मग कोणाच्या तरी कानात नाहीतर केसात तासनतास राहते आणि काही झालं की मेसेज आपल्याला येतो.

किट तेच, सगळीकडे दिसतं ते. पारदर्शक कप्प्यांचा डबा, त्यात काचेचे क्रिस्टल मणी, चपटे खडे, तारेची रिळं, जंप रिंगा (भाग जोडायच्या बारीक कड्या), कानातल्याचे हुक, थोड्या क्लिपा, केसात खोचायचे कंगवे, पकडी आणि ग्लूची एक ट्यूब. हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, झाकणावरचं स्टिकर तेवढं बदलतं, त्यामुळे नावात अडकू नका, आत काय आहे ते बघा. पाचपैकी तीन स्टार दिलेत आणि ते तिन्ही जवळपास मण्यांमुळेच.

तर मणी. बहुतेक ४ आणि ६ मिमीचे बायकोन, म्हणजे दोन्हीकडे निमुळते होणारे, थोडे चपटे रोंडेल आणि काही थेंबाच्या आकाराचे. या दरात मला एवढी अपेक्षा नव्हती. चांगला मणी ओळखायचा म्हणजे उजेडात धरून पैलूंच्या कडा बघायच्या, त्या एका टोकाला नीट येऊन मिळतात का, का एकमेकींना चुकवून जातात, भोक मधोमध आहे का, भोकाच्या तोंडाशी टवके उडालेत का. यातले पारदर्शक आणि गडद रंगाचे मणी या परीक्षेत बऱ्यापैकी पास होतात, भोक थोडं इकडेतिकडे असलेले निघतात ते बाजूला काढायचे, एवढं सगळ्याच मालात असतं. ४ मिमी लिहिलेले मणी मात्र सगळे सारखे नाहीत, ओळीने ओवले की एखादा बारीक निघतो आणि तो लगेच डोळ्यात भरतो. त्यामुळे ओवण्याआधी मोजपट्टीच्या कडेला रांगेत लावून घ्या, कंटाळवाणं आहे पण कानातल्याच्या जोडीत डावा-उजवा फरक दिसला तर गिऱ्हाईक घेत नाही.

इंद्रधनुषी झाक असलेले मणी, ज्यांना सगळे एबी म्हणतात, त्यांच्याबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. ही झाक काचेत नसते, काचेवर चढवलेला धातूचा अगदी पातळ थर असतो. स्वारोव्स्कीने १९५६ मध्ये डिओरबरोबर हा प्रकार आणला आणि नंतर तो सगळ्यांनीच उचलला. किटमधल्या मण्यांवर हा थर कधी अर्ध्याच बाजूला आहे, कधी पूर्ण, आणि एकाच कप्प्यात दोन्ही मिसळलेत. केसांच्या पिनेसाठी चालून जातं कारण मणी सगळ्या दिशांना फिरलेले असतात. सरळ हारात नाही चालत. आणि हा थर घासला तर जातो. पिशवीत एकमेकांवर आपटून आपटून काही मणी आधीच निस्तेज झालेले होते, म्हणून डबा आला की एबी वेगळे काढून छोट्या पाकिटात ठेवा.

झाकणावर मोठ्या अक्षरात "ऑस्ट्रियन क्रिस्टल" लिहिलंय. हे वाचून खूश होऊ नका आणि मुख्य म्हणजे हे तुमच्या वस्तूच्या वर्णनात उतरवू नका. स्वारोव्स्की ऑस्ट्रियातल्या वॅटेन्सची, १८९५ पासूनची कंपनी, पण छोट्या कारागिरांना सुटे खडे विकणं बंद करायचं त्यांनी २०२० मध्येच जाहीर केलं. तेव्हापासून बाजारात जे आहे ते उरलेला जुना साठा, नाहीतर दुसऱ्यांचा माल. दुसरं मोठं नाव म्हणजे चेक प्रजासत्ताकातली प्रेसिओसा, बरेच विकणारे तिकडे वळले. आणि तिसरा प्रकार म्हणजे हे असं मशीनवर कापलेलं साधं काचेचं क्रिस्टल, जे वाईट अजिबात नाही, फक्त ते काय आहे ते तसंच सांगायचं. मी सरळ "काचेचे क्रिस्टल मणी" लिहिते, विक्री कमी झाली नाही. उलट "हे खरं स्फटिक आहे का" विचारणाऱ्यांना उत्तर देणं सोपं जातं: नाही, स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, खनिज, त्याची कठीणता मोह्‌स मापावर ७, काचेची साडेपाचच्या आसपास. काच लवकर ओरखडते पण पैलू पाडून चमकवायला ती जास्त सोयीची.

शिशाचं पण एकदा बोलून टाकू. पूर्वी क्रिस्टल काच चमकावी म्हणून तिच्यात लेड ऑक्साइड घालायचे, युरोपच्या नियमात तर "लेड क्रिस्टल" म्हणवून घ्यायला ते किमान २४ टक्के असावं लागतं. स्वारोव्स्कीने २०१२ मध्ये शिसं काढून टाकलं. या किटवर शिशाबद्दल एक अक्षर नाही, ना आहे ना नाही. मोठ्यांच्या हेअर पिनेला एवढं घाबरायचं कारण नाही, पण लहान मुलांच्या क्लिपांना मी हे मणी लावत नाही, मुलं तोंडात घालतात. अमेरिकेत मुलांच्या वस्तूंमध्ये शिशाची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखात शंभर भाग आहे, त्यामुळे तिकडे माल पाठवणाऱ्यांना तर लेखी माहिती नसलेले मणी वापरताच येणार नाहीत. शिवाय सुटलेला मणी गिळला जायची भीती वेगळीच.

चपटे खडे, म्हणजे फ्लॅटबॅक. यांचे आकार एसएसमध्ये, म्हणजे स्टोन साइझ या मापात मोजतात, एसएस ६ साधारण २ मिमी, एसएस १६ चार मिमीच्या जवळ, एसएस २० पावणेपाच. किटमध्ये सगळे आकार एकत्र ओतलेत, निवडायला वेळ जातो. चमक ठीक, पैलू कमी आहेत म्हणून लांबून छान आणि जवळून जरा साधे. पाठीमागे चंदेरी थर आहे आणि सगळा खेळ त्या थराचा आहे, उजेड तिथून परत फिरतो म्हणून खडा चमकतो, तो थर निघाला की खडा मेला, नुसती काच राहते.

आणि इथे ती ग्लूची ट्यूब येते. फेकून द्या. खरंच, उघडूच नका. आत इन्स्टंट ग्लू आहे, सेकंदात चिकटतो म्हणून बरं वाटतं, पण हा ग्लू वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि खड्यावर पांढरट धुकं येतं, पुसलं तरी पूर्ण जात नाही. पाठीमागचा थरही खराब होऊ शकतो. आणि वाळल्यावर तो कडक, ठिसूळ होतो. आता विचार करा, बॅरेट क्लिप, म्हणजे मागे खटका असलेली लांब पट्टीची क्लिप, बंद करताना तिची पट्टी वाकते, दर वेळी थोडी थोडी, आणि तिच्यावरचा ग्लू मात्र वाकायला तयार नाही, मग काय होणार, एक दिवस टप्पकन खडा उडतो. वाळल्यावर रबरासारखा लवचीक राहणारा ग्लू लागतो, ई-६००० त्यासाठीच सगळे वापरतात. तो वापरताना खिडकी उघडी ठेवा, त्यातलं सॉल्व्हंट नाकात जाण्यासारखं नाही, आणि घाई करू नका, दहा-पंधरा मिनिटांत खडा जागचा हलत नाही म्हणजे झालं असं नाही, पूर्ण पक्कं व्हायला २४ ते ७२ तास लागतात. ज्यांना ऑर्डर उद्या द्यायची असते त्यांचेच खडे पडतात, माझं असं स्पष्ट मत आहे. टू-पार्ट इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा ग्लू, तो पण चालतो, पकड जबरदस्त, फक्त काही इपॉक्सी काळाने पिवळे पडतात, तेव्हा पारदर्शक खड्याखाली नको.

चिकटवण्याआधी धातूला बारीक पॉलिश पेपरने थोडं खरवडायचं आणि स्पिरिटने पुसायचं. नव्या क्लिपवर तेलकट थर असतो, किटमधल्या क्लिपांवर तर बोटाला लागतो इतका.

तारेबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण हेअर ॲक्सेसरीजमध्ये सगळ्यात जास्त मागणी हेअर वेलीला (तारेवर मणी गुंफून केसात माळायची वेल) आणि कंगव्याला असते आणि ते दोन्ही तारेवरच उभे असतात. किटमध्ये तीन जाडीची तार आहे, रिळावर ०.३, ०.५ आणि ०.८ मिमी लिहिलंय, म्हणजे २८, २४ आणि २० गेजच्या आसपास. निवड बरोबर आहे, द्यायचीच होती तर हीच द्यायला हवी होती. ०.३ ने मणी गुंफायचे आणि पीळ द्यायचा, ०.५ चा मुख्य कणा, ०.८ चे हेडबँडचे टोक किंवा अडकवायचे फासे. आत तांबं, वर सोनेरी किंवा चंदेरी लेप. ०.३ ची तार मऊ आहे, हाताने छान वळते, नवख्या माणसाला आवडेल.

पण एक लक्षात ठेवा, तार जितकी वळवाल तितकी ती कडक होत जाते आणि मग तुटते, हा धातूचाच गुण आहे, किटचा दोष नाही. मणी घातला, तार दुमडली, मण्याखाली चार-पाच पीळ, बस. अजून घट्ट हवं म्हणून आणखी पीळ देत बसलं की मण्याच्या अगदी गळ्याशी तार तुटते आणि तिथे जोडता पण येत नाही. पीळ देताना मणी फिरवायचा, तार नाही, आणि दर फांदीला पीळ एकाच दिशेने. तीन मण्यांची फांदी, मग थोडी मोकळी तार, मग एक मोठा मणी, असं कमीजास्त ठेवलं तर वेल जिवंत दिसते, एकसारख्या अंतरावर लावत गेलं की तोरण दिसतं. किटसोबतच्या कागदावर नेमकी तशीच एकसारखी वेल काढून दाखवलीये, ती बघू नका.

लेपाचं काय? सोनेरी तारेचा लेप पकडीच्या दातांनी उचकटतो आणि आतला तांबडा रंग दिसतो. पकडीच्या जबड्यांना टेप गुंडाळा, तेवढ्याने काम होतं. चंदेरी तार बरी टिकली. सोनेरी मात्र ठेवून दिलेल्या तुकड्यावरही मंद पडत गेली, हात न लावता, म्हणून विकायच्या सोनेरी वस्तूंसाठी मी वेगळी, काळा न पडणारा लेप असलेली तार घेते आणि ही सरावाला ठेवते.

कापलेलं टोक केसांच्या बाजूला राहिलं तर ते केस ओढतं, टाळूला टोचतं. टोक मण्याच्या मागे वळवून दाबायचं आणि मग वेलीवरून पातळ मोजा फिरवून बघायचा, अडकला तर टोक राहिलंय. हे मी प्रत्येक वस्तूला करते.

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते धातूचं सामान. कोणी कानातलं बघतं तेव्हा खडा बघतं, फोटोत खडा दिसतो, "किती सुंदर" पण खड्यालाच म्हणतात. पण परत येतं ते खड्यामुळे क्वचितच. हुक काळा पडला, कान लाल झाला, कडी उघडून डूल कुठे तरी पडलं, क्लिप केसात थांबतच नाही, सगळ्या तक्रारी या असल्या. आणि किट बनवणाऱ्याने पैसे वाचवलेत ते बरोबर इथेच.

जंप रिंगा पातळ आणि मऊ, आणि कापलेली टोकं सपाट नाहीत, एक बाजू चिमटलेली. त्यामुळे नीट बंद केली तरी केसभर फट राहते आणि बारीक साखळी किंवा तार तिथून निसटते. कडी उघडताना दोन पकडींनी एक टोक पुढे एक मागे असं करायचं, बाजूला फाकवायची नाही, हे माहीत असणाऱ्यांच्या हातात पण या कड्या दोनदा उघडझाप केल्यावर अंग टाकतात. ५ मिमीच्या कडीला निदान ०.८ मिमी जाडीची तार हवी, यातल्या तशा नाहीत.

हुकांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. पाकिटावर "अलॉय" इतकंच. चुंबक लावला तर चिकटले, म्हणजे आत लोखंड, आणि वरचं चकचकीत पॉलिश बहुतेक वेळा निकेलवर चढवलेलं असतं. निकेलची ॲलर्जी खूप लोकांना असते आणि कान टोचलेल्या जागी ती लगेच दिसते, खाज, लाली, पाणी. युरोपात यासाठी कडक नियम आहे, टोचलेल्या जागेत घालायच्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल बाहेर पडायला नको, आणि त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या बाकीच्या वस्तूंसाठी ०.५. घरी तपासायला निकेल टेस्टचं छोटं किट मिळतं, कापसावर द्रव घेऊन घासायचं, गुलाबी झाला की निकेल सुटतंय. या किटमधल्या हुकांवर कापूस झकास गुलाबी झाला. मी ते हुक विकायच्या एकाही वस्तूला लावले नाहीत आणि तुम्हीही लावू नका. ३१६एल सर्जिकल स्टील घ्या. गंमत म्हणजे त्यातही निकेल असतंच, पण ते घट्ट धरून ठेवलेलं असतं, बाहेर फारसं येत नाही. ज्यांना तेही सोसत नाही त्यांच्यासाठी टायटॅनियम किंवा नायोबियम. मी वर्णनात हुक कशाचा आहे ते पहिल्या ओळीत लिहिते, खड्याच्याही आधी, आणि लोक त्यावरूनच विचारायला येतात.

क्लिपा दोन प्रकारच्या, ॲलिगेटर (दात असलेल्या चिमट्यासारखी) आणि बॅरेट. ॲलिगेटरची स्प्रिंग बरी आहे, दातही ठीक, त्या वापरता येतील. बॅरेटचा खटका सैल. पातळ केसांत घसरते, दाट केसांत उघडते, आता ती कोणाला विकायची? कंगव्यांच्या दातांची टोकं खरखरीत आहेत, बोट फिरवा, कळेल, कानस मारून वापरता येतात पण तो वेळ कोण मोजणार. कंगव्याला मणी बांधायला आधी प्रत्येक दाताच्या फटीतून ०.३ ची तार दोनदोन वेढ्यांनी फिरवून पाया करा, मग वेल त्याला शिवा, नुसती दोन टोकांना बांधलेली वेल मधे झोळ खाते.

पकडी, थोडक्यात: गोल तोंडाची चांगली, चपटी चालेल, कटर बोथट आहे, तो बदलाच.

आता विकणाऱ्यांसाठी खरी अडचण. किटमध्ये रंग भरपूर पण प्रत्येक रंग मूठभर. एक सुंदर धुरकट निळा आहे, त्याची वेल कोणाला आवडली, तिने मैत्रिणींसाठी तशाच अजून मागितल्या की संपलं. तो निळा सुटा मिळत नाही, दुसरं किट मागवलं तर त्यातला निळा निराळा. म्हणून किटमधून केलेल्या वस्तू "एकच नग" म्हणून टाका, आणि जे रंग वारंवार हवेत, पारदर्शक, मोतिया, फिकट गुलाबी, ते सुटे घ्या, चपटे खडे ग्रोसच्या हिशोबाने मिळतात, ग्रोस म्हणजे १४४, एकाच लॉटमधले.

दर ठरवताना किटची किंमत भागिले वस्तूंची संख्या असं करू नका. किटमधलं बरंच सामान वापरलंच जाणार नाही हे वर सांगितलंच. आणि साधं बायकोनचं डूल पटकन होतं, वेलीला मात्र अख्खी दुपार जाते, मणी दोन्हीत जवळपास त्याच दर्जाचे. वेळ न धरता दर लावला की वेल स्वस्तात जाते आणि नेमक्या वेलीच्याच ऑर्डरी येत राहतात, मग मान मोडून बसा.

फोटोला फ्लॅश नको, खड्यात पांढरा ठिपका येतो आणि बाकी सगळं सपाट. खिडकीच्या बाजूने येणारा उजेड, एबी मण्यांना मागे गडद कापड, आणि पाच सेकंदाचा व्हिडिओ ज्यात वस्तू हळू फिरते. चमक फोटोत दिसतच नाही, ती हलल्यावरच दिसते.

वस्तूबरोबर एक चिठ्ठी टाकते: अत्तर आणि हेअरस्प्रे आधी, वस्तू नंतर, झोपताना काढा, ओल्या केसांत लावू नका.

बऱ्याच जणींनी विचारलंय की याच किटचा मोठा डबा मिळतो तो घेऊ का. नका घेऊ. मी मैत्रिणीकडचा उघडून बघितला, मणी थोडे जास्त आहेत, बाकी तेच सैल बॅरेट आणि तेच हुक दुप्पट भरलेत. छोटा घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टीलचे हुक, जाड कड्या आणि एक धारदार कटर मागवा.